बार्ताली–कोप्पी प्रतिस्पर्धा

इटलीचे व्यावसायिक सायकलपटू जीनो बार्ताली (१८ जुलै १९१४–५ मे २०००) आणि फाउस्तो कोप्पी (१५ सप्टेंबर १९१९–२ जानेवारी १९६०) यांच्यात १९४० पासून १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत चाललेली चुरस. रस्त्यावरील सायकल शर्यतींमध्ये दोन विजेत्यांच्या वैराचा विषय निघाला की पहिले नाव याच जोडीचे निघते. दोघांनी मिळून जिरो द'इटालिया ही इटलीतील शर्यत आठ वेळा (बार्ताली तीन, कोप्पी पाच) आणि टूर द फ्रान्स ही फ्रान्समधील शर्यत चार वेळा (प्रत्येकी दोन) जिंकली. या दोन्ही शर्यती अनेक दिवस टप्प्याटप्प्याने चालतात आणि सर्व टप्प्यांचा मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागतो, तो विजेता ठरतो. दुसऱ्या महायुद्धामुळे या शर्यती काही वर्षे बंद पडल्या आणि दोघांचीही ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. तसे झाले नसते, तर हे आकडे खात्रीने आणखी वाढले असते.

या वैराचे मर्म समजण्यासाठी रस्ता-शर्यतीचा एक विशेष आधी ध्यानात घ्यावा लागतो. पुढे असलेला सायकलपटू वारा कापत जातो आणि मागच्याला त्याच्या आडोशाने कमी श्रमात तोच वेग राखता येतो. घोळक्यातून दोघे निसटले, तर त्यांना आळीपाळीने पुढे राहावे लागते, नाहीतर पाठलाग करणारा जथा दोघांनाही गाठतो. म्हणजे ज्याला शेवटी हरवायचे, त्याच्याशीच तासन्‌तास हातमिळवणी करावी लागते. जो आपला वाटा उचलत नाही, नुसता मागच्या चाकाला चिकटून राहतो, त्याच्याविषयी मनात अढी बसते ती कायमची. संघ एकच असेल तर गुंता आणखी वाढतो. संघाचा नायक एकच असतो आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी पाणी आणायचे, पंक्चर झाले तर आपले चाक काढून द्यायचे, वाऱ्यात पुढे राहायचे, असा शिरस्ता आहे. अशा सहायकाला इटलीत 'ग्रेगारिओ' म्हणतात. बार्ताली आणि कोप्पी यांचे वैर स्वभावभेदातून जन्मले असे सांगण्याची रूढी आहे. परंतु घटनाक्रम पाहता ते एकाच संघातील एकाच जागेवरून सुरू झाले आणि स्वभावभेदाचा रंग त्यावर नंतर चढला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

बार्तालीचा जन्म फ्लॉरेन्सजवळच्या पोंते आ एमा या गावचा. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने जिरो जिंकली, १९३८ मध्ये टूर द फ्रान्स. घाटात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जिरोमधील घाटांच्या चढाईचे बक्षीस त्याने सात वेळा मिळवले. (मुंबई–पुणे सायकल शर्यतीतील 'घाटाचा राजा' हा किताब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मानाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.) १९३६ मध्ये त्याचा धाकटा भाऊ जुलिओ शर्यतीतील अपघातात मरण पावला. त्या धक्क्याने सायकल सोडून देण्याच्या बेतात आलेला बार्ताली सावरला तो धर्मश्रद्धेच्या बळावर, आणि पुढे 'धर्मनिष्ठ जीनो' हीच त्याची ओळख झाली. कोप्पी पाच वर्षांनी धाकटा, पीएमाँतमधील कास्तेल्लानिया या डोंगरी खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा. नोव्ही लिगुरे येथे एका मांसविक्रेत्याकडे तो सायकलवरून माल पोचवण्याचे काम करी. तेथेच बियाजो कावान्ना या अंध मालीशवाल्याने त्याला हेरले. डोळ्यांनी पाहू न शकणारा हा माणूस बोटांनी स्नायू चाचपून सायकलपटूची कुवत ओळखत असे, आणि कोप्पीच्या अंगावर त्याचा हात अखेरपर्यंत राहिला.

१९४०च्या जिरोसाठी लेन्यानो संघाचा व्यवस्थापक एबेरार्दो पावेसी याने वीस वर्षांच्या कोप्पीला घेतले ते बार्तालीचा सहायक म्हणून. दुसऱ्याच टप्प्यात कुत्रा आडवा आल्याने बार्ताली पडला, जखमी झाला आणि वेळेत बराच मागे राहिला. पुढे फ्लॉरेन्स ते मोदेना या टप्प्यात आबेतोनेच्या घाटात पावसात कोप्पी एकटाच पुढे गेला आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली. नायकाने आता पोऱ्यासाठी राबावे, असा हुकूम निघाला. बार्तालीने तो पाळला; डोलोमाइट पर्वतातील टप्प्यांत त्याने कोप्पीला धीर दिला, ओढत नेले, प्रसंगी खडसावलेही. कोप्पी ९ जून रोजी जिरो जिंकणारा सर्वांत तरुण सायकलपटू ठरला आणि दुसऱ्याच दिवशी इटली महायुद्धात उतरली. पंचविशीतील बार्तालीला आपली गादी आपल्याच हाताने दुसऱ्याला द्यावी लागली होती. पुढच्या सगळ्या गोष्टींची मुळे या तीन आठवड्यांत आहेत.

युद्धकाळात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कोप्पीने नोव्हेंबर १९४२ मध्ये मिलानच्या विगोरेल्ली या सायकल शर्यतींच्या धावपट्टीवर तासाभरात ४५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून विश्वविक्रम केला. पुढे सैनिक म्हणून ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती लागला आणि युद्धकैदी झाला. बार्ताली फ्लॉरेन्सच्या आर्चबिशपच्या सांगण्यावरून सरावाच्या मिषाने असिसीपर्यंत सायकलने जाई. छळापासून लपलेल्या ज्यूंसाठी तयार केलेली बनावट ओळखपत्रे तो सायकलच्या पोकळ नळ्यांत दडवून नेत असे, असे सांगितले जाते. याविषयी त्याने हयातीत वाच्यता करण्याचे टाळले. ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने २०१३ मध्ये त्याला मरणोत्तर सन्मान दिला.

युद्ध संपल्यावर कोप्पी बियांकी संघाकडे गेला आणि वैर उघड्यावर आले. मार्च १९४६ मधील मिलान–सान रेमो शर्यत कोप्पीने चौदा मिनिटांच्या फरकाने जिंकली. त्याच वर्षीची जिरो मात्र बार्तालीने कोप्पीपेक्षा अवघ्या ४७ सेकंदांनी जिंकली. या जिरोतील एक प्रसंग बार्तालीने स्वतःच पुढे सांगितला आहे. ब्राक्कोच्या घाटात कोप्पीने काचेची एक कुपी पिऊन रस्त्याकडेच्या गवतात भिरकावल्याचे त्याने पाहिले. जागा मनात टिपून ठेवली, शर्यत आटोपल्यावर गाडीने तेथे जाऊन कुपी शोधून काढली आणि आपल्या डॉक्टरकडे तपासायला दिली. आत होते ते चिठ्ठीशिवाय कोणत्याही दुकानात मिळणारे साधे फ्रेंच टॉनिक. तरीही तो थांबला नाही. कोप्पीच्या खोलीतील रिकाम्या बाटल्या पाहून दुसऱ्या दिवशी तो काय करणार याचा अंदाज बांधण्यापर्यंत त्याची मजल गेली. दमल्यावर कोप्पीच्या गुडघ्यामागील शीर टरारून फुगते हे ध्यानात आल्यावर त्याने जोवान्नी कोर्रिएरी या आपल्या सहायकाला त्या शिरेवर नजर ठेवायला नेमले होते, अशीही हकिकत सांगतात. प्रतिस्पर्ध्याचे शरीर इतक्या बारकाईने न्याहाळण्यात मत्सर आहेच, पण त्याच्या मोठेपणाची पुरती जाणही आहे.

दोघांची धाटणी वेगळी होती हे खरेच. बार्ताली रुंद बांध्याचा, मोडक्या नाकाचा, बोलका आणि कुरकुऱ्या. सिगारेट ओढणारा, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारणारा, घाटात झटक्याझटक्याने वेग वाढवून सोबत्याला जेरीस आणणारा. कोप्पी लांब पायांचा, मितभाषी आणि उदास चेहऱ्याचा. तो बैठक न सोडता एकसारख्या लयीत पायडल मारी, आणि एकदा पुढे गेला की सहसा मागे पडत नसे. आहार, सराव, सहायकांची आखणी या सर्व गोष्टींना शास्त्राची जोड देणारा पहिला मोठा सायकलपटू म्हणून त्याचे नाव घेतात. आपण उत्तेजक द्रव्ये घेत असल्याचेही त्याने पुढे लपवून ठेवले नाही. युद्धोत्तर इटलीत ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि साम्यवादी असे दोन तट पडले होते. लोकांनी बार्तालीला पहिल्या तटात बसवले आणि कोप्पीला दुसऱ्या. बार्तालीचे चर्चशी असलेले नाते जुने आणि मनापासूनचे होते, परंतु कोप्पी साम्यवादी कधीच नव्हता. तरी कॉफीच्या दुकानांपासून घरातील जेवणाच्या टेबलापर्यंत माणसे 'बार्तालीवाले' आणि 'कोप्पीवाले' अशी विभागली गेली. फिओरेंझो मान्यी हाही तीन वेळा जिरो जिंकलेला तोलामोलाचा सायकलपटू, पण त्याच्या वाट्याला 'तिसरा माणूस' हीच ओळख आली.

१४ जुलै १९४८ रोजी साम्यवादी नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांच्यावर रोममध्ये गोळ्या झाडण्यात आल्या आणि देशभर संप व दंगली सुरू झाल्या. बार्ताली त्या वेळी टूर द फ्रान्समध्ये आघाडीवर असलेल्या फ्रान्सच्या लुईझाँ बोबेच्या एकवीस मिनिटांहून अधिक मागे होता. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी त्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी इझोआरच्या घाटावरून ब्रियांसोंचा टप्पा त्याने जिंकला, त्याच्या पुढच्या दिवशी टूरमधील आघाडीची पिवळी जर्सी मिळवली आणि पहिल्या विजयानंतर दहा वर्षांनी पुन्हा टूर जिंकली. या विजयाने इटलीतील यादवी टळली, ही समजूत मोठ्या प्रमाणावर रूढ आहे. ती अतिशयोक्त आहे. तोल्यात्ती बचावले आणि त्यांच्या पक्षानेच शांततेचे आवाहन केले, ही कारणे अधिक वजनाची होती. लोकांना क्षणभर दुसरा विषय मिळाला, एवढे श्रेय मात्र बार्तालीला निःसंशय जाते.

त्याच वर्षी नेदरलँड्समधील फाल्केनबर्ग येथे जागतिक अजिंक्यपद शर्यतीत वैराचा कळस झाला. दोघेही इटलीच्या संघात होते. एकाने वेग वाढवला तर त्याचा लाभ दुसऱ्याला होईल, या भीतीने दोघेही एकमेकांच्या चाकावर नजर ठेवून राहिले, पुढचे सायकलपटू दिसेनासे झाले आणि अखेर दोघांनीही शर्यत सोडली. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली आणि इटलीच्या सायकल संघटनेने देशाच्या प्रतिष्ठेस बाधा आणल्याबद्दल दोघांना निलंबित केले. ज्या खेळात एकमेकांना ओढत नेल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यात दोघांनीही ओढण्यास नकार दिला तर काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

१९४९ हे या कथेचे सर्वांत भरघोस वर्ष. १० जून रोजी जिरोमध्ये कूनेओ ते पिनेरोलो हा २५४ किलोमीटरांचा टप्पा होता. वाटेत माद्दालेना, वार्स, इझोआर, मोंजनेव्र आणि सेस्त्रिएरे असे पाच घाट होते. पहिल्याच घाटात कोप्पी निसटला आणि उरलेले १९२ किलोमीटर तो एकटा चालवत राहिला. त्या दिवसाच्या रेडिओ समालोचनाची सुरुवात मारिओ फेर्रेत्तीने 'एक माणूस एकटा आघाडीवर आहे' या अर्थाच्या शब्दांनी केली आणि ते वाक्य इटालियन भाषेत म्हणीसारखे रुजले. दुसरा आला तो बार्ताली, ११ मिनिटे ५२ सेकंदांनंतर. पस्तिशीकडे झुकलेल्या त्या माणसाने संपूर्ण दिवस, जिंकण्याची आशा मावळल्यावरही, एकट्याने पाठलाग चालू ठेवला होता, ही गोष्ट विजेत्याच्या तेजात सहसा झाकली जाते.

लगेच टूर द फ्रान्स होती आणि तेथे त्या काळी राष्ट्रीय संघ उतरत, म्हणजे दोघे पुन्हा एकाच संघात. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा हा स्वतः पाच वेळा जिरो जिंकलेला; दोघांची समजूत काढता काढता त्याच्या नाकी नऊ आले. सेंट मालोच्या टप्प्यात कोप्पी पडला, सायकल मोडली, आणि बिंदाची गाडी येईपर्यंत तो रस्त्यावर हताश होऊन थांबला. बिंदा बार्तालीकडे झुकतो आहे असा त्याचा ग्रह झाला आणि तो घरी परतायला निघाला. समजूत काढल्यावर कसाबसा पुन्हा सायकलवर बसला, तेव्हा पिवळ्या जर्सीपासून तो सुमारे ३७ मिनिटे मागे पडला होता. पुढे आल्प्समध्ये मात्र दोघे एकत्र निसटले. १८ जुलै हा बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. ब्रियांसोंला कोप्पीने त्याला आधी जाऊ दिले आणि पिवळी जर्सी बार्तालीला मिळाली. दुसऱ्या दिवशी आओस्ताच्या वाटेवर बार्तालीला पंक्चर झाले, तो पडलाही. कोप्पी आधी थांबला, मग बिंदाने परवानगी दिल्यावर एकटा निघाला आणि जर्सी त्याच्याकडे आली. पॅरिसला तो बार्तालीपेक्षा १० मिनिटे ५५ सेकंदांनी पुढे होता. एकाच वर्षी जिरो आणि टूर दोन्ही जिंकणारा तो पहिला सायकलपटू ठरला.

एका संघातील दोन विजेत्यांचा हा पेच पुढेही उद्भवत राहिला. १९८६च्या टूरमध्ये बेर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड एकाच संघातून उतरले. आदल्या वर्षी लेमाँडने इनोसाठी आपला वेग आवरला होता आणि या वर्षी त्याची परतफेड होणार होती, तरी इनोने वारंवार हल्ले केले. आल्प दुएझच्या माथ्यावर दोघे हातात हात घालून पोचले, पण मने जुळली नव्हती. भिन्न संघांतील वैर त्या मानाने सरळ असते: १९६४ मध्ये प्वी द दोमच्या चढावर जाक आँकेतील आणि रेमाँ पुलिदोर खांद्याला खांदा घासत चढले, पुलिदोरने त्याला मागे टाकले, तरी टूर आँकेतीलने ५५ सेकंदांनी जिंकली.

१९५२च्या टूरमध्ये गालिबियेच्या घाटात कार्लो मार्तीनी या छायाचित्रकाराने टिपलेले एक छायाचित्र इटलीत घरोघरी माहीत आहे. कोप्पी पुढे, बार्ताली त्याच्या मागच्या चाकाशी, आणि दोघांच्याही हातात एकच बाटली. कोणी कोणाला दिली, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. बार्तालीने ती आपणच दिल्याचे सांगितले. कोप्पीने ती टूर जिंकली आणि बार्ताली, अडतिसाव्या वर्षी, चौथा आला.

कोप्पीचे उत्तरायुष्य खडतर गेले. १९५१ मध्ये त्याचा भाऊ सेर्से शर्यतीत पडून मरण पावला, आणि येथे दोघा प्रतिस्पर्ध्यांचे दुःख एकच झाले. विवाहित असताना जुलिया ओक्किनी या विवाहित स्त्रीशी जुळलेल्या संबंधांमुळे १९५५ मध्ये त्याच्यावर व्यभिचाराचा खटला चालला आणि लोकमताचा मोठा भाग त्याच्या विरोधात गेला. निवृत्त बार्ताली सान पेल्लेग्रीनो संघाचा प्रमुख झाला होता. १९६०च्या हंगामासाठी त्याने चाळिशीतील कोप्पीला आपल्या संघात घेतले. वीस वर्षांनी दोघे पुन्हा एका संघात आले होते. डिसेंबर १९५९ मध्ये कोप्पी अप्पर व्होल्टा (आताचा बुर्किना फासो) येथे शर्यत व शिकारीसाठी गेला. तेथे झालेला मलेरिया वेळीच ओळखला गेला नाही आणि २ जानेवारी १९६० रोजी त्याचा मृत्यू झाला. जिरोमधील दर वर्षीच्या सर्वांत उंच घाटमाथ्यास १९६५ पासून 'चिमा कोप्पी' म्हणतात. कोमो सरोवराजवळ गिझाल्लोच्या चढावर सायकलपटूंची संरक्षक मानलेल्या मादोन्नाचे (माता मेरीचे) लहानसे चॅपेल आहे; तेथे बार्ताली आणि कोप्पी या दोघांच्याही सायकली ठेवलेल्या आहेत.