गुंडाळीतला अंधार

धुळे जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात परवा बीपी तपासायला गेलो होतो. सिस्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा निळसर दिव्याच्या पेटीतून काढला. "काका, यूव्हीत ठेवलेला आहे, काळजी नको." पट्ट्याची घट्ट गुंडाळी होती आणि दंडाला टेकणारी बाजू आत. जिथे प्रकाश पडायला हवा, नेमका तिथेच अंधार!

या दिव्यात पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत; दिसतो तो निळा उजेड नुसता सोबतीला. जंतूच्या डीएनएत थायमिन नावाचे घटक शेजारी-शेजारी असले, की हे किरण शोषून ते एकमेकांना चिकटतात. गाठ पडलेला दोरा सुईतून ओढला जात नाही, तशी डीएनएची नक्कल तिथे अडते. जंतू मग वाढूच शकत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो, घराच्या धाब्यावर वाळत घातलेले पापडासारखे बिबडे बघता बघता कडक होतात. मग पट्टा उन्हातच टाकला तर? उन्हानेही जंतू मरतात. इंग्लंडमध्ये डाऊन्स आणि ब्लंट या संशोधकांनी १८७७ साली हे दाखवलं: उन्हात ठेवलेल्या नळ्यांमधलं द्रावण स्वच्छ राहिलं, झाकलेल्या नळ्यांमधलं जंतू वाढून गढूळ झालं. पण २५४ नॅनोमीटरचे किरण ओझोनचा थर वरच गिळतो, त्यामुळे खानदेशातल्या रणरणत्या उन्हातही ते मिळत नाहीत. ऊन भाजून काढतं, तरी जंतू मारण्यात या दिव्याची बरोबरी करत नाही.

दिव्याची अडचण वेगळी. त्याचे किरण कापडाची घडी ओलांडत नाहीत, घामाचा किंवा रक्ताचा थर असला तरी अडतात. म्हणून वस्तू आधी पुसायची, मगच पेटीत ठेवायची. वापरून वापरून दिवा क्षीण होतो, निळा मात्र दिसतच राहतो, तेव्हा किती तास चालला याची नोंद हवीच. पेटीचं दार उघडं असताना दिवा लावायचा नाही. डोळे आणि कातडी भाजते. आणि शस्त्रक्रियेची कात्री-चिमटे यांना ही पेटी पुरत नाही, त्यांना ऑटोक्लेव्हच हवा, १२१ अंशांची दाबाखालची वाफ.

सिस्टरांना गुंडाळी दाखवली. त्यांनी पट्टा उलगडला, पुसला आणि पेटीतल्या आकड्याला उभा लटकवला, आतली बाजू दिव्याकडे करून.