पावलाची ठेवण मोजण्याचा इतिहास : ओल्या ठशापासून सहा निकषांपर्यंत

सोलापुरात पार्क मैदानावर सरावाला येणाऱ्या खो-खोपटूंची किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची पावले बहुधा घरीच पहिल्यांदा तपासली जातात. शहाबादी फरशीवर ओला पाय ठेवायचा आणि मधली कमान कोरडी राहते का, ते पाहायचे. सगळा तळवा उमटला, म्हणजे पाऊल सपाट निघाले, तर मुलाचा चेहरा उतरतो.

ही धास्ती मुळात सैन्यभरतीतली आहे. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या ३,६०० हून अधिक जवानांची पावले तपासली, तेव्हा लवचीक सपाट पाऊल (भार नसताना कमान दिसते, उभे राहिल्यावर दबते) हे सहसा अपंगत्वाचे कारण नसते, असे १९४७ मध्ये मांडले गेले.

खेळाडूंच्या तपासणीला वळण दिले ते अमेरिकेतील पादचिकित्सक मर्टन रूट यांनी. टाचेच्या मागे मध्यरेषा आखून, घोट्याखालचा सांधा मध्यस्थितीत आणून टाचेचा कल अंशांत मोजण्याची त्यांची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. परंतु एकाच पावलाचे माप दोन तपासनीसांकडून वेगळे येते, ही तिची अडचण पुढील दशकातील अभ्यासांनी दाखवून दिली.

१९८२ मध्ये ब्रॉडी यांनी जखमी धावपटूंसाठी सोपी चाचणी सुचवली. पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे हाताला लागणाऱ्या उंचवट्यावर पेनाने खूण करतात. खेळाडू बसलेला असताना शेजारी उभ्या धरलेल्या कार्डावर तिची उंची टिपतात आणि तो उभा राहिल्यावर पुन्हा टिपतात. साधारण १० मिलिमीटरपर्यंतची घसरण त्यांनी सामान्य मानली. १९८७ मध्ये कॅव्हानाघ आणि रॉजर्स यांनी ठशाच्या मधल्या तृतीयांश भागावरून कमानीचा निर्देशांक काढला, म्हणजे घरच्या ओल्या ठशालाच आकड्याची जोड मिळाली. २००६ मध्ये रेडमंड व सहकाऱ्यांनी उभ्या पावलाची ठेवण नजरेने व हाताने तपासण्याची सहा निकषांची पद्धत सिद्ध केली. प्रत्येक निकषाला उणे २ ते अधिक २ गुण असतात आणि उपकरण लागत नाही. त्यामुळे साध्या मैदानावरही ती वापरता येते.

आपल्याकडचा पुरावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मंगळूरच्या राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये दाखवले, की सपाट पावलांचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. अनवाणी खेळत वाढलेल्या सोलापूरच्या मुलांची पावले मोजताना हा संदर्भ हाताशी हवा.

२०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी साध्या बुटांत धावणाऱ्या ९२७ नवख्या धावपटूंचा वर्षभर मागोवा घेतला, तेव्हा पाऊल आत कलण्याचा दुखापतीच्या वाढीव धोक्याशी संबंध आढळला नाही. शिवाय खो-खोत खांबाला धरून वळताना सारा भार एका पायावर येतो. त्या क्षणी टाच किती कलते, हे स्थिर उभे असताना घेतलेल्या मापावरून कळत नाही. त्यासाठी टाचेच्या उंचीवर मोबाइल ठेवून मागून संथ गतीचे चित्रण करणे अधिक उपयोगी ठरते.