नवोदयचा फॉर्म भरायला येण्याआधी हे वाचून या

पालकहो,

पावसाळा सुरू झाला की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रावर नवोदयच्या फॉर्मची गर्दी होते, आणि दरवर्षी आम्ही तेच पाच-सहा प्रश्न तोंडी सोडवत बसतो. रांगेतला पहिला विचारतो, दुसऱ्याचं लक्ष फोनमध्ये असतं, तिसरा पुन्हा तेच विचारतो. म्हणून यंदा छापूनच टाकलं.

जवाहर नवोदय विद्यालय म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जिल्ह्याला एक शाळा, सहावी ते बारावी, राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं तिथलंच, आणि सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80. त्या पाचवीत असताना दिलेल्या परीक्षेवरून भरतात, आणि हा फॉर्म त्या परीक्षेचा. (1985-86 साली देशात पहिल्या दोन नवोदय शाळा सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीची. हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं.) नववीपासून महिना 600 रुपये विकास निधी असतो. तो मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना माफ आहे. सरकारी नोकरदारांच्या मुलांसाठी तो जास्त आहे.

आता मुद्द्याचं.

ग्रामीण की शहरी?

फॉर्मवर हा एवढासा रकाना आहे, पण आमचा निम्मा वेळ तिथेच जातो. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, आम्ही खेड्यातलेच. सातबारा दाखवू का?"

सातबारा नको. तुमचं घर आणि शेत कुठे आहे, याचा या रकान्याशी संबंध नाही. मूल तिसरी, चौथी आणि पाचवी कुठल्या शाळेत शिकलं, एवढंच बघतात. तिन्ही वर्षं, पूर्ण सत्र, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झाली असतील तर ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेच्या पटावर नाव असेल, तर शहरी. घर मळ्यात असलं तरी शहरी. उलट घर शहरात असून मूल बाहेरच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिन्ही वर्षं जात असेल, तर ते ग्रामीण.

मग शहर कशाला म्हणायचं? 2011 च्या जनगणनेत शहर म्हणून ज्याची नोंद आहे ते, किंवा त्यानंतर सरकारने अधिसूचना काढून ज्याला शहरी ठरवलं ते. बाकी सगळं ग्रामीण. आपल्या राज्यात घोळ होतो तो इथे. तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायती गेल्या काही वर्षांत नगरपंचायती झाल्या. बोलताना लोक अजून ग्रामपंचायतच म्हणतात. बाजार तोच, वेस तीच, पारावरची माणसंही तीच, मग गाव शहर कधी झालं? कागदावर झालं. त्या हद्दीतली शाळा नवोदयच्या फॉर्मसाठी शहरीच धरायची. वाडी-वस्तीवरची मुलं बस पकडून तालुक्याच्या शाळेत येतात, त्यांचंही तसंच.

ग्रामीण लिहिण्याची ओढ का असते, ते आम्हालाही कळतं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. 80 मधल्या 60 तिथेच गेल्या. उरलेल्यांत शहरी मुलं, आणि गुणांवर ग्रामीण मुलंसुद्धा. त्यामुळे "लिहा हो ग्रामीण, कोण बघतंय" हे वाक्य आम्ही हंगामात रोज ऐकतो. बघतात. फॉर्म भरताना नाही, परीक्षेच्या वेळी नाही, निकालातही नाही. निवड झाल्यावर कागद तपासायला बोलावतात, तेव्हा बघतात. यादीत नाव आलं म्हणजे प्रवेश झाला असं नसतं. कागद जुळले तरच प्रवेश.

काही वर्षांपूर्वी एका मुलीचं नाव यादीत आलं. पेढे आमच्या टेबलावर आले. तपासणीत तिसरीचं वर्ष निघालं. ते एक वर्ष ती तालुक्याला मावशीकडे राहून शिकली होती, चौथीपासून गावच्या शाळेत. फॉर्मवर ग्रामीण. फॉर्म आम्हीच भरला होता, वडिलांनी तोंडी सांगितलं तसा. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, ते एक वर्ष त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. प्रवेश गेला. शहरी लिहिलं असतं तर निवड झाली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही, पण निदान पेढे वाटून झाल्यावर रडायची वेळ आली नसती. आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा पाचवीत बसवून दुसऱ्यांदा देऊ, असं चालत नाही.

त्या दिवसापासून आम्ही तोंडी माहितीवर नवोदयचा फॉर्म भरत नाही. कितीही ओळख असली तरी नाही. याचा राग धरू नका.

मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र आधी, आम्ही नंतर

नवोदय समितीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राचा ठरलेला नमुना असतो. त्यावर मुलाचा फोटो, मुलाची सही, पालकाची सही, मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो, आणि शाळेचा तपशीलही त्यातच भरायचा असतो. हा कोरा नमुना आमच्याकडे छापून ठेवलेला आहे. फुकट घेऊन जा. शाळेत भरून आणा, मग फॉर्मला बसू.

मुलाने मध्ये शाळा बदलली असेल तर मुख्याध्यापकांना एवढंच म्हणा, "सर, आधीच्या शाळेचा दाखला फाइलला बघून तिसरी-चौथीचं लिहा." जनरल रजिस्टर उघडायला त्यांना पाच मिनिटं लागतात. जन्मतारीखही त्याच वेळी आधारशी ताडून घ्या. 2026-27 च्या प्रवेशासाठी जन्म 1 मे 2014 ते 31 जुलै 2016 यामधला हवा होता. दरवर्षी सालं एकेकाने पुढे सरकतात. तारखेत एका दिवसाची चूक असली तरी ती आधी शाळेत किंवा आधार केंद्रावर मिटवायची, आमच्या कीबोर्डवर नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला प्रमाणपत्राचा तिरका फोटो आम्ही घेत नाही. शिक्का पुसट आणि कोपऱ्यात अंगठा असला की तो कागद अपलोड करून उपयोग नाही. मूळ कागद आणा, स्कॅन आम्ही करतो.

आणखी एक. शिष्यवृत्तीचा फॉर्म शाळा भरते, म्हणून नवोदयचाही शाळेनेच भरला असेल असं समजून बरेच जण निवांत राहतात आणि मुदत संपल्यावर येतात. आधी शाळेत विचारा. काही शिक्षक आपणहून सगळ्या वर्गाचे भरतात. तसं असेल तर आमच्याकडे यायचीच गरज नाही.

जिल्हा एकच हवा

ज्या जिल्ह्यात मूल पाचवी शिकतंय, त्याच जिल्ह्याच्या नवोदयसाठी अर्ज करता येतो, आणि रहिवासही त्याच जिल्ह्याचा लागतो. मामाच्या गावी पाचवीला ठेवलं आणि आईवडिलांचं रेशनकार्ड, आधार दुसऱ्या जिल्ह्याचं, अशी प्रकरणं सीमेवरच्या गावांत फार. निवड झाल्यावर पालकांचा रहिवासाचा पुरावा मागतात, आणि मामाचा पुरावा तिथे पुढे करता येत नाही.

"फॉर्मात एनटी नाहीच!"

बरोबर, नाही. ही केंद्र सरकारची शाळा. तिथे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि खुला, एवढंच चालतं. राज्यातल्या विमुक्त-भटक्या जमातींपैकी बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. आपली जात त्या यादीत असेल तर ओबीसी, नसेल तर खुल्यातून भरायचं. राज्याच्या यादीत ओबीसी आहे म्हणजे केंद्राच्याही आहे, असं गृहीत धरू नका. यादी आमच्याकडे आहे, बघून जा. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसीचा दाखला निवडीनंतर धावपळ करून काढण्यापेक्षा आताच अर्ज टाकलेला बरा. तेही काम आमच्याकडे होतं.

माध्यम

सेमीच्या मुलांचे पालक इथे अडतात. गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून, मग माध्यम कोणतं लिहायचं? आमचा सल्ला असा, की मूल जी भाषा झरझर वाचतं ती. दोन तासांत 80 प्रश्न असतात, गुण 100. त्यातले 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, बहुतेक आकृत्यांचे, तिथे भाषेचा फारसा प्रश्न येत नाही. 20 अंकगणिताचे आणि 20 भाषेचे. भाषेच्या भागात उतारे वाचायचे असतात, तिथे अडखळणारं मूल मागे पडतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे मुलाला घरी सांगून ठेवा. उत्तरपत्रिकेवरचा उत्तराचा गोल पेनानेच रंगवायचा. एकदा रंगवला की बदलता येत नाही. सरावासाठी तशाच उत्तरपत्रिका आम्ही छापून ठेवल्या आहेत. शिसपेन्सिलीची सवय झालेल्या मुलांना त्यांचा खरंच उपयोग होतो.

कच्ची प्रत का वाचायला लावता?

फॉर्म पाठवण्याआधी आम्ही छापील कच्ची प्रत तुमच्या हातात देतो आणि वाचून सही करायला लावतो. "तुम्हीच बघा ना, तुम्ही शिकलेले" असं म्हणून ती परत देऊ नका. मुलाचं नाव, आईचं नाव, तारीख तुम्हालाच ठाऊक. वाचता येत नसेल तर सांगा, आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो, त्यात कमीपणा नाही. मुदत संपल्यावर दोन दिवस दुरुस्तीची सोय मिळते, पण तेव्हा फक्त लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांग आणि माध्यम एवढंच बदलता येतं. नाव आणि जन्मतारीख त्यात येत नाही.

फॉर्मला सरकारी फी नाही. आम्ही घेतो ते स्कॅन, टायपिंग, प्रिंट आणि बसण्याचे, दर फलकावर आहे. घरी चांगला फोन आणि हाताशी भाऊ-बहीण असेल तर घरीच भरा, फुकट होतो. पण मग अडकल्यावर अर्धवट भरलेला फॉर्म घेऊन येऊ नका. दुसऱ्याने अर्धा भरलेला फॉर्म सोडवणं नवीन भरण्यापेक्षा जास्त वेळखाऊ असतं, आणि पैसे कमी का नाही घेतले म्हणून वर वाद.

मोबाइल नंबर तुमचा स्वतःचाच द्या, आमचा नाही, दुकानदाराचा नाही. नोंदणी क्रमांक आम्ही आमच्या वहीत लिहून ठेवतो. प्रवेशपत्र निघालं की आमच्याकडे भरलेल्या सगळ्यांना निरोप जातो. तारखेचा भरवसा मागच्या वर्षावरून धरू नका. 2025 मध्ये ही परीक्षा दोनदा झाली, 18 जानेवारीला त्याच वर्षाच्या प्रवेशासाठी आणि 13 डिसेंबरला पुढच्या वर्षासाठी. जानेवारीच्या हिशेबाने अभ्यास लावलेल्यांची दिवाळीनंतर तारांबळ उडाली.

"आमचा वेटिंगचा नंबर कधी लागणार?"

निकालानंतर सर्वांत जास्त फोन याचे येतात. खरं सांगायचं तर यात आमचा काहीही हात नाही, आणि कुणाचाच नाही. निवडलेलं मूल आलं नाही, वसतिगृहात नको म्हणालं, कागदांत बाद झालं, की जागा रिकामी होते. ती त्याच प्रकारच्या मुलाकडे जाते. ग्रामीण मुलीची जागा सुटली तर शहरी मुलाचा फोन वाजणार नाही. त्यामुळे शेजाऱ्याचं नाव आलं आणि तुमचं नाही, यावरून काही ठरवू नका. पेपर पुन्हा तपासून मागण्याची सोय नाही, गुणांची बेरीज संगणकावर होते.

"इतके द्या, वेटिंगमधून वर आणतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला आमच्याकडे पाठवा. आम्हालाही बघायचाय.

तोवर मुलाला घरी बसवू नका. जूनमध्ये जवळच्या शाळेत सहावीला नाव घाला. बोलावणं आलं तर दाखला काढून नेता येतो. नाहीच आलं तर आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते, इंग्रजी, हिंदी, गणित, विज्ञान मिळून 100 गुणांची. तिचा फॉर्मही आम्ही भरतो, आणि त्या वेळी निम्मी रांगही नसते.

येताना मूळ प्रमाणपत्र, मुलाचं आधार आणि मुलाला घेऊन या, फोटो आम्ही इथेच काढतो. सकाळी लवकर या, दुपारनंतर संकेतस्थळ गोल फिरत बसतं. रविवारी केंद्र बंद असतं. मुदतीचा शेवटचा रविवार मात्र आम्ही चालू ठेवतो, पण त्या दिवशी मुख्याध्यापक सापडत नाहीत.