तादामी लाइन

तादामी लाइन ही जपानमधली डोंगराळ भागातून जाणारी सिंगल ट्रॅक रेल्वे. फुकुशिमा प्रीफेक्चरमधल्या (प्रीफेक्चर म्हणजे जपानमधला प्रांत) आइझु-वाकामात्सुपासून निगातामधल्या कोइदेपर्यंत 135.2 किमी, वर विजेच्या तारा नाहीत, गाड्या डिझेलवर, दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज 1067 मिमी. गाड्या जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी चालवते. बराचसा रस्ता तादामी नदीच्या काठाकाठाने आणि नदी पुन्हा पुन्हा ओलांडत जातो.

लाइन बांधायला जवळपास 45 वर्षं लागली, तीही दोन्ही टोकांकडून तुकड्या-तुकड्यांत. 1926 ला वाकामात्सु ते आइझु-बांगे, 1928 ला यानाइझु, 1941 ला मियाशिता, दुसऱ्या टोकाकडून 1942 ला कोइदे ते ओशिराकावा आणि युद्धानंतर 1956 ला वाकामात्सुच्या बाजूने आइझु-कावागुची. कावागुची ते तादामी हा पुढचा तुकडा मुळात प्रवाशांसाठी नव्हताच, तागोकुरा धरणाच्या कामाचं सामान न्यायला तो 1957 मध्ये टाकला, धरण झाल्यावर 1963 ला राष्ट्रीय रेल्वेने तो घेतला आणि मग तिथे प्रवासी गाड्या आल्या. 1971 मध्ये सहा किमीहून लांब रोकुजूरिगोए बोगदा झाला तेव्हा कुठे दोन्ही टोकं जोडली गेली.

1980 च्या दशकात जपानने तोट्यातल्या बऱ्याच ग्रामीण लाइनी बंद केल्या, ही मात्र वाचली ती बर्फामुळे. इथे हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की शेजारचा 252 नंबरचा हायवे खिंडीच्या भागात कित्येक महिने बंदच असतो, म्हणजे रेल्वे बंद करून बस द्यायची म्हटलं तर बस जाणार कुठून?

जुलै 2011 च्या शेवटी भयंकर पाऊस झाला, मार्चमधल्या मोठ्या भूकंपाला तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते. नदीला पूर आला, 5, 6 आणि 7 नंबरच्या पुलांचे गर्डर वाहून गेले आणि कावागुची ते तादामी हे 27.6 किमी बंद पडले. या भागात पुराआधीच्या वर्षी दिवसाला सरासरी 49 प्रवासी, त्यामुळे एवढा खर्च करण्यापेक्षा बसच बरी असं कंपनीचं म्हणणं होतं. हिशेबाने ते चूक नव्हतं, पण गावांना माहीत होतं की लाइन मधोमध एकदा तुटली की उरलेली दोन टोकंही फार दिवस टिकत नाहीत, आणि त्यांनी हट्ट सोडला नाही हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. 2017 मध्ये तोडगा निघाला: त्या तुकड्यातले रूळ, पूल, स्टेशनं फुकुशिमा प्रीफेक्चरच्या मालकीची, देखभालीचा खर्च प्रीफेक्चर आणि तिथल्या नगरपालिकांचा, आणि जेआर फक्त गाड्या चालवणार. 2018 ला कायदा बदलला आणि नफ्यातल्या कंपनीच्या लाइनलाही दुरुस्तीसाठी केंद्र सरकारची मदत मिळायला लागली. 1 ऑक्टोबर 2022 ला, म्हणजे 11 वर्षांनी, पूर्ण लाइनवर पुन्हा गाडी धावली.

आता लोक मुख्यतः 1 नंबरचा तादामी नदी पूल बघायला येतात. मिशिमा गावाजवळ हायवेलगतच्या विश्रांतीच्या थांब्यामागून पायवाट वर चढते, तिथून लोखंडी कमानीचा पूल आणि खाली स्थिर हिरवं पाणी दिसतं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ नदीवर धुकं असतं आणि त्यातून एक-दोन डब्यांची गाडी हळूच पूल पार करते. तैवानहून तर खूपच लोक येतात. पण गाड्या मोजक्याच, कावागुची ते तादामी दिवसाला तीनच फेऱ्या, एक चुकली की कित्येक तास थांबायचं, त्यामुळे टाइमटेबल आधी बघूनच निघायचं.