सोनेरी घड्याळांमागचे कारागीर

लुई सोळावा ते नेपोलियन या काळातले पॅरिसचे एखादे सोनेरी घड्याळ लिलावात आले, की तबकडीवरचे नाव आधी वाचले जाते. ते बहुतेक वेळा घड्याळजीचे असते. लंबक, चक्रे आणि ठोक्यांची यंत्रणा त्याच्या दुकानातून आलेली असते. पण अपोलो किंवा सायकी अशा ज्या ग्रीक पुराणातल्या पात्रामुळे नजर त्या घड्याळावर खिळते, ती मूर्ती कुणीतरी दुसऱ्याने घडवलेली, ओतलेली आणि छिन्नीने कोरलेली असते. तिला सोन्याचा मुलामाही आणखी कुणी दिलेला असतो. या मंडळींची नावे फार थोड्या घड्याळांवर सापडतात.

प्राचीन ग्रीक-रोमन वळणाच्या या घड्याळांच्या शैलीचे मूळ इटलीत आहे. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन शहरांपैकी हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. राखेखालून निघालेली भित्तिचित्रे, दिवे, भांडी यांची चित्रे युरोपभर पोचली. रोकोको शैलीतल्या वेलबुट्ट्यांना आणि शिंपल्यांच्या वळणांना पॅरिसचे रसिक कंटाळू लागलेच होते. १७६० च्या सुमारास ग्रीक वळणाच्या वस्तूंची तिथे हौस पसरली आणि फायरप्लेसच्या संगमरवरी कट्ट्यावर तुटके स्तंभ, कलश, वीणेसारखी लायर अशा आकारांची घड्याळे आली. काहींत तबकडीच नसे. कलशाच्या गळ्याभोवती आकड्यांचे आडवे कडे फिरे आणि सापाची जीभ वेळ दाखवी.

ओतारी आणि मुलामा देणारे यांचे संघ तेव्हा वेगवेगळे होते. १७७६ मध्ये ते एक केले गेले. घड्याळजींचा संघ निराळाच. त्यामुळे एकच घड्याळ बऱ्याच हातांतून जाई.

त्यातले सगळ्यात जीवघेणे काम मुलाम्याचे. सोन्याचा बारीक कीस तापवलेल्या पाऱ्यात मिसळत. होणारा गोळा लोण्यासारखा मऊ असे. ब्राँझ आधी आम्लाने स्वच्छ करून त्यावर हा लेप ब्रशने पसरत आणि वस्तू कोळशाच्या निखाऱ्यांवर धरत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने धातूला घट्ट धरून राही. दाट मुलामा हवा असेल तर हेच पुन्हा करावे लागे. मग काही भाग अकीकाच्या दगडाने घोटून आरशासारखे चकचकीत करत आणि काही मखमलीसारखे निस्तेज ठेवत. उघड्या खांद्याशेजारी वस्त्राची चुणी उठून दिसते ती या फरकामुळे. या निस्तेज मुलाम्याचा शोध ब्राँझकार पिएर गुतिएरच्या नावावर सांगतात. त्याच्या ग्राहकांत पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी होती. एवढे नाव कमावूनही तो कर्जबाजारी झाला आणि १८१३ मध्ये दारिद्र्यात वारला.

पाऱ्याची ती वाफ कारागिरांच्या छातीत जाई. हात कापू लागत, दात पडत, पुढे काम करणेच अशक्य होई.

फ्रेंच राज्यक्रांतीने कारागिरांचे संघ १७९१ मध्ये मोडीत काढले. १७९३ मध्ये दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे ठरली. काही तबकड्यांवर जुने आणि नवे दोन्ही आकडे रंगवले गेले. १७९५ मध्ये हा प्रयोग गुंडाळला गेला. मात्र संघांची बंधने गेल्यामुळे एकाच मालकाला निरनिराळ्या धंद्यांची कामे एका छपराखाली आणता आली. त्यातला सर्वांत मोठा पिएर-फिलिप तोमिर. १८०४ मध्ये त्याने लिन्यरो या व्यापाऱ्याचा धंदा विकत घेतला आणि शेकडो माणसे कामाला लावली. आता रोमसाठी लढण्याची शपथ घेणारे होरेशियसचे पुत्र, रोमन रथ, विजयाच्या माळा हे विषय चालू लागले. माल परदेशीही जाई. द्युब्युक नावाच्या पॅरिसच्या ब्राँझकाराने खास अमेरिकेसाठी जॉर्ज वॉशिंग्टन उभा असलेली घड्याळे बनवली.

या सगळ्या नामवंतांत मला आंत्वान-आंद्रे राव्रिओ अधिक मोठा वाटतो. तोही ब्राँझचाच कारखानदार, नेपोलियनच्या साम्राज्याच्या राजवाड्यांना माल पुरवणारा. १८१४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक वेगळे ठेवले होते: मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय शोधेल त्याला ते द्यावेत. ज्या व्यवसायात त्याने पैसा मिळवला, त्यात माणसे कशी खंगतात हे त्याने जवळून पाहिले होते. विज्ञान अकादमीने १८१८ मध्ये ते बक्षीस रसायनतज्ज्ञ दार्से यांना दिले. वेगळ्या आगीने धुराड्यात जोराचा ओढा निर्माण करायचा, म्हणजे वाफ कारागिराकडे न येता वर खेचली जाते, अशी त्यांची भट्टी होती. १८४० नंतर विजेच्या साहाय्याने सोने चढवण्याची रीत आली आणि पाऱ्याची गरज हळूहळू कमी झाली. विजेने दिलेला मुलामा सहसा पातळ आणि सगळीकडे एकसारखा असतो. म्हणून जुने घड्याळ हाती आले की मुलामा कोणत्या रीतीचा आहे हे ओळखायला जाणकार आधी ते उलटून मूर्तीची पाठ आणि तळ पाहतात.