धरणाचे पाणी तपासून घेताना: अर्जात वापर आधी लिहा

'पाणी तपासून मिळावे' एवढ्यावर अर्ज संपवू नका. पाणी कशासाठी हवे आहे ते पहिल्याच ओळीत लिहा, कारण कोणत्या चाचण्या करायच्या हे त्यावरच ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे 'ए' ते 'ई' असे पाच वर्ग केले आहेत. नुसते निर्जंतुक करून प्यायचे पाणी असेल, तर १०० मिलीमध्ये कोलिफॉर्म जंतू (पाण्यात घाण मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू) ५० पर्यंतच चालतात. आंघोळीसाठी ही मर्यादा ५०० आहे आणि जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करून मगच प्यायच्या कच्च्या पाण्यासाठी ५,०००. मत्स्यपालनाला विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम लागतो. सिंचनासाठी मात्र क्षार, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन पाहतात. म्हणून उसाला चाललेले पाणी नळाला चालेल असे धरून चालू नका.

ग्रामपंचायत, पाणी वापर संस्था, मच्छीमार सहकारी संस्था किंवा एखादी व्यक्तीही प्रयोगशाळेकडे अर्ज करू शकते. सोबत ओळखपत्र ठेवा, संस्था असल्यास ठराव जोडा. प्रयोगशाळेला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे एवढे पाहून थांबू नका. तुम्हाला हव्या त्याच चाचण्या मान्यतेच्या यादीत आहेत का, ते विचारा. भिंतीवर जायचे किंवा होडी घालायची असेल तर धरणाच्या कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या.

सगळ्यात जास्त चुका नमुना घेताना होतात. काठावरून बाटली भरून काहीही कळत नाही. उन्हाळ्यात खोल जलाशयात वरचे पाणी गरम होऊन वरच राहते, तळाचा प्राणवायू संपतो आणि गाळातले लोह, मँगनीज, अमोनिया पाण्यात उतरतात. जॅकवेलचे (जलाशयातून पाणी उचलण्याच्या विहिरीचे) दार ज्या खोलीवर आहे, तिथलाही नमुना हवाच. प्राणवायूची बाटली जागेवरच रसायन घालून बंद करतात: तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. जंतूंसाठीची बाटली निर्जंतुक केलेली हवी. ती बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर चोवीस तासांच्या आत पोहोचवा. नमुना पत्रकात जागा, खोली, तारीख आणि वेळ चारही लिहा. शेवाळ असलेल्या जलाशयात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे तोच अगदी कमी होतो.

हा अहवाल म्हणजे पाणी उचलण्याची परवानगी नव्हे. महाराष्ट्रात त्यासाठी जलसंपदा विभागाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.