माळवद, घोंगडी आणि इरले

महाबळेश्वर आणि दहिवडी ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातलीच, सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटरांवर. तरीही महाबळेश्वरला वर्षाकाठी साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर दहिवडीच्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरांचीही खात्री नसते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्री चढताना थंड होऊन रिते होतात आणि पूर्वेकडे उतरताना तापून कोरडे होतात.

घाटमाथ्यावर म्हणूनच छपराला तीव्र उतार देतात आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात यासाठी वळचण लांब काढतात. माणात मात्र प्रश्न उन्हाचा आहे. तिथले माळवद सपाट असते: तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला किंवा चिपाडे आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची उष्णता या थरातून इतकी सावकाश झिरपते की ती तळाशी पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो, आणि कोरड्या हवेत, निरभ्र आकाशाखाली तीच माती रात्रभर निवत राहते. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब हीच उष्णता काही तासांतच, नेमकी माणसे कामावरून घरी परततात त्या सुमारास, खोलीत उतरवतो. तो टिकाऊ असतो हे खरे. पण माणात आणि महाबळेश्वरात एकाच नकाशाची घरे उभी राहताना पाहून वाईट वाटते.

वस्त्रांमध्ये मला घोंगडी सर्वांत विलक्षण वाटते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. तिच्या सुतापासून सनगर विणकर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ती ताठ करतात. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग पाण्याचे थेंब सहजी आत घेत नाही, आतला गाभा मात्र तंतूच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषून घेतो आणि शोषताना थोडी उष्णता सोडतो. कळपामागे महिनोन्‌महिने फिरणाऱ्या धनगराला तीच घोंगडी अंथरूण, पांघरूण आणि पावसातली खोळ म्हणून पुरते. बिरोबासमोरही तीच अंथरली जाते.

जावळी-पाटणच्या भातखाचरांत पाऊस माणाहून कितीतरी जास्त, पण तिथे कळप नाहीत, बांबू आहे. शिवाय लावणी करणाऱ्या बाईला दोन्ही हात मोकळे हवेत आणि पाठ वाकलेलीच राहणार. म्हणून तिथले इरले बांबूच्या कामट्यांत पाने गुंफून असे घडवतात, की ते डोक्यावर टेकते आणि वाकलेल्या पाठीवरून कमरेपर्यंत उतरते.